पिढी म्हणजे किती वर्षे?

राजकारणात काही शब्दप्रयोग असे असतात, की ते ज्याने जन्माला घातले त्याच्याच घरावर पुढे दगड मारू लागतात. ‘पिढीतून एकदाच येणारी संधी’ हा स्कॉटलंडच्या राजकारणातला असाच एक शब्दप्रयोग. लोकांनी आळस झटकून मतदानाला यावे म्हणून स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीने तो वापरला. १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत झाले, स्वातंत्र्याची बाजू हरली आणि त्या दिवसापासून तोच शब्दप्रयोग लंडनच्या हाती गेला. पुन्हा मतदान मागितले की उत्तर तयार : तुम्हीच म्हणाला होता ना, पिढीतून एकदा? मग आधी पिढी संपू द्या.

पिढी म्हणजे किती वर्षे, हे मात्र कोणीच लिहून ठेवलेले नाही.

स्कॉटिश लोकांना दुसऱ्यांदा मत देता यावे की नाही, ह्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातले बरेचसे लिहिणाऱ्याच्या मनातले उत्तर आधी ठरवूनच लिहिलेले असते. मी ह्या वादाकडे थोड्या निराळ्या वाटेने गेलो. वादाच्या मुळाशी असलेले तीन दस्तऐवज — २०१२ चा एडिंबरो करार, २०१३ ची श्वेतपत्रिका आणि २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल — आपण एखादे पुस्तक परीक्षणासाठी वाचतो तसे वाचले. कोण काय म्हणाले ह्यापेक्षा कागदावर काय आहे आणि काय नाही, हे पाहणे सीमाभागातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असतेच.

आधी थोडी पूर्वपीठिका. स्कॉटलंड १७०७ साली इंग्लंडशी जोडला गेला तो लढाईत हरून नव्हे, तर करार करून. पनामाच्या डेरियन भागात वसाहत करण्याच्या नादात देशाची तिजोरी बुडाली होती. इंग्लंडने ‘भरपाई’ म्हणून ३,९८,०८५ पौंड देऊ केले आणि एडिंबरोच्या पार्लमेंटने स्वतःच्याच अस्तावर शिक्का मारला. देश सोन्याला विकला गेला, ही भावना पुढे रॉबर्ट बर्न्सच्या गीतातही उतरली. पण चर्च, कायदा आणि शिक्षण ही तीन खाती स्कॉटलंडने स्वतःकडेच ठेवली. म्हणजे राज्य गेले, संस्था राहिल्या. तीनशे वर्षे ‘आम्ही कोण’ हा प्रश्न तिथे जिवंत राहिला तो मुख्यतः ह्या संस्थांमुळे.

इथे आपल्या वाचकाची एक गफलत होण्याचा संभव असतो. भाषावार प्रांतरचनेच्या वातावरणात वाढलेल्या आपल्याला वाटते, की वेगळे राज्य मागणारा माणूस वेगळ्या भाषेपायीच मागत असणार. स्कॉटलंडात तसे नाही. गेलिक बोलणारे २०११ च्या जनगणनेत जेमतेम सत्तावन्न हजार होते. स्कॉट्स ही दुसरी बोली कळणारे-बोलणारे पंधरा लाखांवर होते, पण ती भाषा की बोली ह्यावर त्यांच्यातच एकमत नाही. १९३६ साली एडविन म्यूर ह्या ऑर्कनीच्या कवीने ‘स्कॉट अँड स्कॉटलंड’ हे पुस्तक लिहिले. स्कॉटिश माणूस भावना एका भाषेत जगतो आणि विचार दुसऱ्या भाषेत करतो, तेव्हा राष्ट्रीय वाङ्मय घडवायचे तर इंग्रजीतच घडवावे लागेल, असा त्याचा निष्कर्ष होता. ह्यू मॅकडायर्मिडने त्याला ह्यासाठी जन्मभर क्षमा केली नाही. मॅकडायर्मिडने त्याआधी दहा वर्षे, १९२६ मध्ये, जुन्या कोशांतले शब्द उकरून स्कॉट्समध्ये ‘अ ड्रंक मॅन लुक्स अॅट द थिसल’ हे दीर्घकाव्य लिहिले होते आणि १९२८ मध्ये राष्ट्रीय पक्ष काढणाऱ्यांत तो होता. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, अशा घरांतून वाढलेल्या आपल्या वाचकांना हा वाद निराळा समजावून सांगावा लागणार नाही. नवल इतकेच, की प्रत्यक्ष राजकारणात मॅकडायर्मिडची भाषा मागे पडली आणि त्याचे स्वातंत्र्य तेवढे पुढे आले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा शेवटी म्यूरच्या इंग्रजीतच निघाला.

तो जाहीरनामा म्हणजे ‘स्कॉटलंड्स फ्यूचर’ ही श्वेतपत्रिका. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी ती प्रसिद्ध झाली. पृष्ठे ६७०. पुस्तक म्हणून विचाराल तर निम्मे अर्धे माहितीपत्रक आणि निम्मे वधूपक्षाला पाठवलेले पत्र. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी कायम आहे, घर स्वतःचे आहे, आणि घर सोडून जायचे असले तरी सासूबाईंशी संबंध पूर्वीसारखेच राहतील! स्वतंत्र झालो तरी राणी तीच, पौंड तोच, युरोपियन युनियनचे सदस्यत्वही चालूच. स्वातंत्र्याचा दिवससुद्धा नेमला होता : २४ मार्च २०१६. पौंड दोघांनी मिळून वापरायचा, तर दुसऱ्याची संमती लागते हे उघड आहे. ब्रिटिश अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये एडिंबरोला येऊन ती नाकारली, आणि त्यावर श्वेतपत्रिकेच्या लेखकांकडे ‘ते नुसते बोलताहेत, करणार नाहीत’ ह्यापलीकडे उत्तर नव्हते. खनिज तेलाचा भाव पिंपाला ११३ डॉलर धरला होता. सार्वमतानंतर चार महिन्यांच्या आत, जानेवारी २०१५ मध्ये, तो पन्नासच्या खाली आला. निकाल उलट लागला असता तर नव्या राष्ट्राचे पहिले अंदाजपत्रक कसे जुळवले असते, हा प्रश्न स्वातंत्र्यवाद्यांनी आजही सावकाश बसून स्वतःला विचारावा असाच आहे.

आता तो ‘पिढी’चा मजकूर. श्वेतपत्रिकेच्या अखेरीस शेकडो प्रश्नोत्तरे आहेत. त्यांत एक प्रश्न असाही आहे, की ‘नाही’ असा कौल आला तर पुन्हा सार्वमत होईल का? उत्तराचा आशय असा : तशी कोणतीही व्यवस्था केलेली नाही, विद्यमान स्कॉटिश सरकारच्या मते ही पिढीतून एकदाच येणारी संधी आहे. ‘विद्यमान सरकारच्या मते’ हे शब्द नीट पाहावेत. हे मत आहे, करारातले कलम नव्हे. डेव्हिड कॅमरन आणि अॅलेक्स सॅमंड यांनी १५ ऑक्टोबर २०१२ रोजी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात पिढीचा उल्लेखच नाही. सार्वमत २०१४ संपण्यापूर्वी व्हावे, ते न्याय्य असावे आणि दोन्ही सरकारांनी निकालाचा मान राखावा, एवढेच त्यात आहे.

म्हणून काय ते शब्द वाऱ्यावर सोडायचे? माझ्या मते तसेही नाही. मतदाराला घराबाहेर काढण्यासाठी दिलेला शब्द हा शब्दच असतो. मतदारयादीतल्या ८४.६ टक्के लोकांनी त्या दिवशी मत दिले. ‘हो’ म्हणणारे १६,१७,९८९ आणि ‘नाही’ म्हणणारे २०,०१,९२६. पंचेचाळीस विरुद्ध पंचावन्न म्हटले तरी चालेल. एवढ्या लोकांनी ‘आता हे मिटले’ असे समजून रांग लावली असेल, तर चार दिवसांनी पुन्हा तीच रांग लावायला सांगणे म्हणजे हरलेल्या पोराने ‘बेस्ट ऑफ थ्री’ म्हणण्यासारखे होईल.

पण दुसऱ्या बाजूनेही शब्द दिला होता, आणि ह्या भागाकडे लंडनमधले लेखक हटकून डोळेझाक करतात. ‘युरोपात राहायचे असेल तर ब्रिटनमध्ये राहा’ हे २०१४ मध्ये ‘नाही’ पक्षाचे एक ठळक नाणे होते. मतदानाच्या दोन दिवस आधी तीन प्रमुख ब्रिटिश पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांनिशी ‘डेली रेकॉर्ड’च्या पहिल्या पानावर जादा अधिकारांची प्रतिज्ञाही छापून आली. त्या प्रतिज्ञेचे काही ना काही झाले, २०१६ चा स्कॉटलंड कायदा आला. युरोपचे मात्र उलटेच झाले. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने ५१.९ टक्के मतांनी युरोप सोडायचे ठरवले. स्कॉटलंडने ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली होती आणि तिथल्या ३२ पैकी एकाही विभागात ‘सोडा’ पक्षाला बहुमत नव्हते. ज्या घरात राहायचे म्हणून लोकांनी २०१४ मध्ये सही केली, ते घरच घरमालकाने दोन वर्षांत पाडले. अशा वेळी भाडेकरूला जुन्या कराराची तारीख दाखवणे कायद्यात बसत असेल, न्यायात बसत नाही. शिवाय स्कॉटिश नॅशनल पार्टीने मे २०१६ च्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात, म्हणजे युरोपच्या मतदानाआधी, असे घडले तर आम्ही पुन्हा मत मागू, हे उदाहरणासकट लिहिलेले होते. लोकांनी ते वाचून त्यांना पुन्हा सत्ता दिली.

गोव्याच्या आणि बेळगावच्या वाचकाला इथे १९६७ आठवल्याशिवाय राहणार नाही. योगायोग असा, की स्कॉटिश पार्लमेंटने विलीनीकरणाच्या कायद्याला मंजुरी दिली तो दिवस १६ जानेवारी १७०७, आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे ह्यावर गोव्याने मत दिले तो दिवस १६ जानेवारी १९६७. बरोबर दोनशे साठ वर्षे. तारखांच्या ह्या जुळणीला काही अर्थ नाही, पण निकालानंतर जे झाले त्याला आहे. विलीनीकरणाच्या फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष हरला. आणि दोन-अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत तोच पक्ष जिंकून भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले! स्कॉटलंडातही नेमके हेच घडले. सप्टेंबर २०१४ मध्ये हरलेल्या पक्षाने मे २०१५ च्या संसदीय निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. लोक ‘तुमचा मुद्दा नको’ म्हणतात आणि ‘राज्य मात्र तुम्हीच करा’ असेही म्हणतात. ह्यात विसंगती नाही. मुद्दा निराळा आणि कारभार निराळा, एवढे मतदाराला कळते. पण मग पक्षाच्या विजयाला मुद्द्याचा विजय म्हणता येत नाही, हेही ओघाने आलेच. २०२१ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटच्या १२९ पैकी ७२ जागा स्वातंत्र्यवादी पक्षांना मिळाल्या म्हणून ‘जनादेश मिळाला’ असे जे म्हटले जाते, ते मला अर्धेच पटते : मत विचारण्याचा जनादेश मिळाला, स्वातंत्र्याचा नव्हे.

गोव्यातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. फूल आणि पाने ह्यांखेरीज तिसरी वाट मतपत्रिकेवर नव्हती. गोव्याला स्वतःचे पूर्ण राज्य मिळाले ते वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी. म्हणजे जे शेवटी झाले ते लोकांना विचारलेच नव्हते. स्कॉटलंडातही संरक्षण आणि परराष्ट्र सोडून बाकी सर्व अधिकार एडिंबरोला द्यावेत, हा मधला पर्याय अनेकांच्या मनात होता. कॅमरन यांनी तो मतपत्रिकेवर येऊ दिला नाही. एकच प्रश्न, हो की नाही. तोच प्रश्न अटीतटीला येताच मधला पर्याय शेवटच्या आठवड्यात प्रतिज्ञा म्हणून वर्तमानपत्रात छापावा लागला. (आपल्या सीमाभागाच्या वाट्याला तर मतपत्रिकाच आली नाही. आयोग आला, अहवाल आला, दावा आला.)

आता न्यायालयाचा निकाल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की लंडनच्या संमतीवाचून सार्वमत घेण्याचा कायदा करण्याचा अधिकार स्कॉटिश पार्लमेंटला नाही. निकालपत्र लिहिण्याची शैली पाहिली तर हा तिन्ही दस्तऐवजांत सर्वांत चांगला लिहिलेला मजकूर आहे. कुठे आवाज चढत नाही, विशेषण वाया जात नाही. खंडपीठाचे अध्यक्ष लॉर्ड रीड स्वतः स्कॉटिश आहेत. १९९८ च्या कायद्याने ‘दोन राज्यांचे ऐक्य’ हा विषय लंडनकडे राखलेला आहे. सार्वमत केवळ सल्ल्यापुरते असले तरी त्याचे राजकीय परिणाम एवढे मोठे, की त्या विषयाशी त्याचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही. तर्क बिनतोड आहे. स्वयंनिर्णयाचा मुद्दाही न्यायालयाने कॅनडाच्या क्युबेक निकालाच्या आधाराने बाजूला ठेवला : स्कॉटलंड वसाहत नाही, तिथले लोक राज्यकारभारातून वगळलेले नाहीत.

मला वाटते, निकाल बरोबर आहे आणि म्हणूनच प्रश्न अधिक अवघड होतो. कारण न्यायालयाने दार कोणाच्या ताब्यात आहे ते सांगितले. दार केव्हा उघडावे हे सांगणे त्याचे काम नव्हते. ज्यांचे ते काम, त्या पंतप्रधानांनी २०१७ मध्ये ‘आता ती वेळ नव्हे’ एवढेच सांगितले. २०२० मध्ये त्यांच्यानंतरच्या पंतप्रधानांनीही नकारच दिला. वेळ नव्हे तर कधी, ह्यावर दोघेही गप्प. ब्रिटनचे नेते एका श्वासात म्हणतात, की हे ऐक्य स्वेच्छेचे आहे; दुसऱ्या श्वासात बाहेर पडण्याची वाट सांगायचे नाकारतात. स्वेच्छा तपासण्याची रीतच नसेल तर ती स्वेच्छा कसली?

आणि रीत त्याच देशात आहे! उत्तर आयर्लंडबाबत १९९८ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे : बहुमत आयर्लंडशी जोडले जाण्याच्या बाजूला असल्याचा संभव दिसला तर मंत्र्याने मतदान घ्यावे, आणि दोन मतदानांत किमान सात वर्षांचे अंतर असावे. म्हणजे जिथे बंदुका चालल्या, तिथे पिढी सात वर्षांची; आणि जिथे तीनशे वर्षे माणसे शाईने भांडली, तिथे पिढीला मोजमापच नाही. शांतपणे मागणाऱ्याला हा कोणता धडा दिला जातो, हे लंडनच्या लक्षात येत नसेल असे नाही.

पूर्वानुभवही आहे. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी का, असे विचारले होते. ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले. पण एकूण मतदारांच्या ४० टक्के ‘हो’ हवेत अशी अट मागून घातली होती, ते ३२.९ टक्केच भरले. घरी बसलेला आणि यादीतून नाव न निघालेला मृत, दोघेही ‘नाही’ पक्षाचे मतदार ठरले. अठरा वर्षांनी, १९९७ मध्ये, पुन्हा विचारले तेव्हा ७४.३ टक्के ‘हो’ आले आणि एडिंबरोत पार्लमेंट उभे राहिले. दुसरे मत मागणे हा लोकशाहीचा अपमान असता तर हे पार्लमेंटही नसते. क्युबेकने १९८० मध्ये आणि १९९५ मध्ये मत दिले, पंधरा वर्षांनी. दुसऱ्यांदा फरक एक टक्का आणि थोडा वर. क्युबेक अजून कॅनडातच आहे.

ह्या साऱ्यात सर्वांत कमी लिहिले जाते ते सीमेवरच्या माणसांबद्दल. २०१४ मध्ये इंग्लंडला लागून असलेल्या ‘स्कॉटिश बॉर्डर्स’ विभागात ६६.६ टक्के आणि डम्फ्रीस-गॅलोवेत ६५.७ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. ग्लासगो आणि डंडी ‘हो’ म्हणत होते. राजधानीपासून सीमा जितकी लांब, तितकी ती नकाशावर सरळ रेघ दिसते. जवळ गेले की कळते, रेघेवर घरे आहेत. ट्वीड नदीच्या मुखावरचे बेरिक हे गाव मध्ययुगात दोन्ही राज्यांत पुनःपुन्हा फिरत राहिले आणि १४८२ पासून इंग्लंडकडे राहिले. बेरिकशायर हा परगणा मात्र स्कॉटलंडात. परगण्याच्या नावाचे गाव एका देशात, परगणा दुसऱ्यात! तिथला फुटबॉल संघ आजही स्कॉटिश साखळीत खेळतो. ब्रिटन युरोपात होते तोवर स्वतंत्र स्कॉटलंडच्या सीमेवर नाके लागले नसते. आता स्वतंत्र स्कॉटलंड युरोपात गेला तर ह्याच रेघेवर जकातीचा प्रश्न येणार, आणि स्कॉटलंडचा निम्म्याहून अधिक व्यापार उरलेल्या ब्रिटनशीच आहे. युरोप सोडल्यामुळे दुसऱ्या मताचे कारण बळकट झाले आणि त्याच वेळी स्वातंत्र्याची किंमतही वाढली. हे स्वातंत्र्यवादी लेखक स्पष्टपणे लिहीत नाहीत, ही माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार.

दुसरी तक्रार अॅलस्डेर ग्रे यांच्याबद्दल. ‘लॅनार्क’ लिहिणारा हा कादंबरीकार मोठा, ह्यात शंका नाही. पण २०१२ मध्ये ‘अनस्टेटेड’ ह्या संग्रहातल्या लेखात त्यांनी स्कॉटलंडात येऊन कामधंदा करणाऱ्या इंग्रजांची दोन गटांत वाटणी केली : कायमचे वसणारे, आणि वसाहतीच्या साहेबासारखे येऊन-जाणारे. हा भेद विनोदाने सुरू होतो आणि माणसांची घरे मोजण्यापर्यंत जातो. ‘उपरा’ हा शब्द द्विभाषिक जिल्ह्यात कोणीही कोणालाही लावू शकतो, हे आपल्याला निराळे सांगायला नको. सार्वमताच्या कायद्याने सुदैवाने ग्रे यांची वाट धरली नाही. स्कॉटलंडात राहणारा तो मतदार. सोळा वर्षांची मुले, युरोपचे नागरिक, राष्ट्रकुलातले रहिवासी सगळे आले. एडिंबरोत राहणाऱ्या, भारताचा पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाला मत होते. लंडनमध्ये राहणाऱ्या ग्लासगोकराला नव्हते. ह्या एका तरतुदीसाठी मी त्या साऱ्या उपक्रमाला झुकते माप देतो.

तर मिळावे का दुसरे मत? मिळावे, पण पक्षाच्या सोयीने नव्हे, लिहिलेल्या नियमाने. २०२४ च्या संसदीय निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टी ९ जागांवर आली, तेव्हा ‘आता मागणीच उरली नाही’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले. पण अधिकार हा मागणाऱ्याच्या जागा मोजून चढ-उतार करायची वस्तू नाही, आणि नियम लिहायला शांत काळच बरा. उत्तर आयर्लंडसारखे अंतर ठरवावे, सात म्हणा नाहीतर पंधरा. केव्हा विचारायचे ह्याची कसोटी ठरवावी. चलन, सीमा आणि कर्जाचा वाटा ह्यांविषयी दोन्ही सरकारांनी आधी एकत्र बसून लेखी मांडणी करावी, म्हणजे मतदाराला ६७० पानांचे वधूपक्षाचे पत्र वाचावे लागणार नाही. आणि मतपत्रिकेवर ह्या वेळी तिसरा रकाना असावा.